खोक्यांची खोली

माझा भाचा पुण्यात लोकांची घरं सजवून देतो. मध्यंतरी महाडला आला तेव्हा त्यानं मोबाइलवर मला एका हॉटेलची भिंत दाखवली. मालाच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या, त्यांवरची पुसट इंग्रजी अक्षरं, खिळ्यांची भोकं, सगळं जसंच्या तसं ठेवलेलं आणि वरून पिवळा दिवा सोडलेला. "आत्या, सध्या याचीच चलती आहे," तो म्हणाला. "मुद्दाम जुनं लाकूड हुडकून आणावं लागतं. लोक वेडे आहेत याच्यासाठी." मी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला आणि मला हसू आवरेना. "अरे शहाण्या, तुझा बाप अशाच भिंतीला पाठ लावून बाराखडी शिकला," मी म्हटलं. त्याला ती माझी नेहमीची थट्टा वाटली. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या आत्याचं बोलणं भाचे तसंही अर्धंच ऐकतात. म्हणून ही खोलीची गोष्ट लिहूनच ठेवते.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून पुढं चढण. वाडीतले बहुतेक बाप्ये मुंबईला. आमचे बाबाही गोदीत माल चढवण्याउतरवण्याचं काम करत आणि वाडीच्या इतर माणसांबरोबर गावकीच्या खोलीत राहत. शिमग्याला आणि गणपतीला ते घरी येत. मधल्या काळात त्यांच्याऐवजी फळ्या येत. गोदीत परदेशातून माल यायचा तो लाकडी खोक्यांतून. फुटकी खोकी मुकादम कामगारांना नेऊ द्यायचा. बाकीचे लोक त्यांचं जळण करत, बाबा मात्र फळ्या सुट्या करून, सुतळीनं गठ्ठा बांधून, गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती एसटीच्या टपावरून धाडत. फाट्यावर गठ्ठा उतरला की आई आणि मी तो आणायला जायचो. आई डोक्यावर चुंबळ ठेवून मोठ्या फळ्या घ्यायची, लहान माझ्याकडं. चढणीवर तिला दम लागला की ती थांबायची, फळीचा वास घ्यायची आणि म्हणायची, "मुंबईचा वास येतो गो." तो वास खरं तर कुठल्या तरी थंड मुलखातल्या झाडाच्या चिकाचा होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तोवर मुंबई म्हटलं की माझ्या नाकात तोच वास यायचा.

माझ्या लहानपणाचा आवाज कुठला असं विचारलं तर मी पाखरांचं किंवा नदीचं नाव घेणार नाही. खिळे उपटण्याचा आवाज म्हणेन. दुपारी भांडी घासून झाली की आई पायाखाली फळी दाबून बसायची आणि लोखंडी पहारीच्या टोकानं खिळा उचलायची. किर्र करून खिळा निघायचा आणि पुढचं काम माझं. जात्याशेजारच्या दगडावर ठेवून, हातोडीनं ठोकून तो सरळ करायचा आणि वाकड्यातिकड्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. गंजका वेगळा, चांगला वेगळा. चुलीवर कुळथाचं माडगं रटरटत असायचं, निखाऱ्यावर सुकट भाजल्याचा वास सगळ्या घरभर, आणि आम्ही दोघी मायलेकी लोहारासारख्या ठोकत बसलेल्या. बाळू, म्हणजे पुण्याच्या त्या शहाण्याचा बाप, तेव्हा एवढासा होता आणि खिळे तोंडात घालू नये म्हणून त्याला खांबाला लुगड्यानं बांधून ठेवावा लागे.

त्या फळ्यांतून आईनं काय काय उभं केलं होतं! भांड्यांची मांडणी, बसायचे पाट, तांदळाच्या कणगीवरचं झाकण, चुलीवर सुकट-मिरची ठेवायचा माळा, कोंबड्यांचं खुराडं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती फळी हातात धरून, डोळा बारीक करून तिच्या कडेकडेनं बघत राहायची आणि मग म्हणायची, "ही पाट होनार." आणि ती पाटच व्हायची. मी पुढं खूप शिकलेली, नावाजलेली माणसं पाहिली, पण टाकाऊ वस्तूकडं इतक्या आदरानं बघणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही. काहीही वाया घालवायचं नाही हा तिचा कंजूषपणा नव्हता. तिला खरोखर फळीचं कौतुक वाटायचं.

मी सातवीत असताना, करवंदं काळी पडायला लागली होती तेव्हा, पांडूकाका मुंबईहून आला. हा बाबांच्याच खोलीत राहणारा, वाडीतला. तो ओटीवर बसला, पाणी प्यायला, चहा प्यायला, तरी बोलेना. शेवटी आईच म्हणाली, "काय झालंय ते एकदा सांगा भावजी."

"दादाच्या पाठीवर खोकं पडलं," पांडूकाका म्हणाला. "जिवाला धोका नाय वैनी. पन उठता येत नाय. डॉक्टर म्हनतो, महिने न् महिने आडवं पडायला लागंल. आनी एक सांगितलंय, ओलीत निजवायचा नाय. ओल लागली तर पाठ कायमची जानार. खोलीत आमी सगळे कामावर जातो, त्याच्याकडं बघनार कोन? आनी इथं आनावा तर..." त्यानं भिंतीकडं बघितलं. पुढं बोलायची गरज नव्हती. आमच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या. पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर हात ओला व्हायचा. जमिनीतून ओल वर यायची आणि अंथरूण सकाळी जड लागायचं. आमच्या डोंगरात पाऊस आला की तो राहायलाच येतो.

आई उठून मागच्या पडवीत गेली. पडवीला वर कौलं होती, बाजू मोकळ्या होत्या. तिथून ती परत आली आणि म्हणाली, "पावसाच्या आदी त्यांना घेऊन या. कोरडी खोली तयार असंल." पांडूकाका म्हणाला, "वैनी, पावसाला आता किती दीस र्‍हायलेत?" आई म्हणाली, "म्हनूनच म्हनते, उगा बसू नका. पयल्या गाडीनं जा."

दुसऱ्या दिवसापासून आईनं स्वतःच्या हातानं केलेलं सगळं स्वतःच्या हातानं मोडायला घेतलं. मांडणी गेली, पाट गेले, माळा गेला, कणगीचं झाकण गेलं. भांडी जमिनीवर आली, सुकट दोरीला टांगली गेली. माळ्याच्या फळ्या धुरानं डांबरासारख्या काळ्या झालेल्या, त्या आम्ही राखेनं आणि नारळाच्या काथ्यानं घासून नदीवर धुतल्या. खुराडंही सुटलं नाही. त्याच्या फळ्या मी तीनतीनदा घासल्या, तरी आईनं त्या वेगळ्या ठेवल्या आणि म्हणाली, "ह्या दाराच्या वरच्या अंगाला लावू. तिथपर्यंत त्यांचं नाक पोचत नाय." मला त्या दिवसांत तिची भीती वाटायची नि अभिमानही वाटायचा. ती रडली असती तर मीही रडले असते, पण ती रडायचंच विसरली होती.

काम मोठं होतं म्हणून खालच्या गावातून धोंडूदादा सुताराला बोलावलं. धोंडूदादा कामाला चोख आणि नियमाला त्याहून चोख. त्याचा मोठा नियम असा की, झाड रानात जसं उभं होतं तसंच ते घरात उभं राहिलं पाहिजे. बुडखा खाली, शेंडा वर. खांब असो की भिंतीची फळी, उलटं लाकूड लावलं तर घर उतरणीला लागतं, असं तो सांगायचा. आडव्या लाकडाला हा नियम नाही. रानातून आणलेल्या ओंडक्याचा बुडखा ओळखू येतो, पण ह्या तासलेल्या, दोन्ही टोकांनी कापलेल्या परमुलखातल्या फळ्यांचा कसा ओळखायचा? तो फळ्या उलटसुलट करत बसला आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला. मोठ्या फळ्यांवर काळ्या रंगात बाण काढलेले होते. "सुले," त्यानं मला हाक मारली, "तू शाळंत इंग्रजी शिकतेस ना? बघ गो, बानाखाली काय लिवलंय." मी ऐटीत वाचलं, "अप. म्हणजे वर."

"बघा वैनी!" धोंडूदादानं मांडीवर थाप मारली. "झाड कापनाऱ्यानंच शेंड्याची खून करून ठेवलीय. परमुलखातला सुतार पन आपल्यावानीच नियम पाळतो. शहाना मानूस दिसतो." त्या न पाहिलेल्या सुताराबद्दल त्याला इतकं प्रेम वाटायला लागलं की दिवसभर तो त्याचंच कौतुक करत होता. ठरलं असं की, बिनबाणाच्या फळ्या खाली जमिनीला आणि बाणाच्या फळ्या उभ्या, भिंतींना, प्रत्येक बाण वर.

आधी दगडांवर जांभळाचे वासे टाकून जमीन हातभर उचलली आणि वर फळ्यांची तक्तपोशी केली. खालून वारा खेळायला वाट. मग भिंती चढायला लागल्या. फळी लावायच्या आधी मी तिला करंजेल चोळायची, वाळवी लागू नये म्हणून. हाताचा तो कडू वास भाकरी खातानाही जायचा नाही. बाणाशेजारी कुठं छत्रीचं चित्र होतं, कुठं पेल्याचं. छत्री बघून आईला फार बरं वाटलं. "लाकडालाच ठावं हाय, पावसापासनं राखायचंय ते," ती म्हणाली. पेल्यावरून मात्र वाडीत थट्टा सुरू झाली. येणारी जाणारी बाई कुंपणाशी थांबून विचारायची, "काय गो, भिंतीवर पेले काढलेत, आत च्या मिळतो काय?" आई म्हणायची, "मिळतो की. आदी दोन फळ्या धरू लागा." आणि त्या खरंच पदर खोचून फळ्या धरू लागायच्या. वाडीत कुणाकडं काही नसायचं, पण हात असायचे.

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा सगळ्या भिंती झाल्या होत्या. फक्त पश्चिमेच्या भिंतीत खांबालगत एक फट उरली होती. खांब रानातला, जरा कललेला, त्यामुळं ती फट वर अरुंद आणि खाली रुंद होती. आणि फळी उरली होती एकच. तिची एक बाजू उतरती फाटली होती, म्हणजे तीही एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद. धोंडूदादानं ती बाण वर करून लावून बघितली. वर बसेना आणि खाली पंजा जाईल एवढं भोक. मग आईनं त्याच्या हातातून घेऊन ती उलटी केली आणि फटीत सरकवली. जणू मापानं कापली होती. पण बाण खाली.

धोंडूदादानं फळी काढून भिंतीला टेकवून ठेवली. "नाय वैनी."

"दुसरी फळी हाय कुठं धोंडूदादा?"

"नसू दे. दुखनाईत मानूस येतोय, त्याच्या खोलीत मी उलटं लाकूड लावू? उद्या काय कमीजास्त झालं तर मी कुठं तोंड दाखवू?"

"बान तासून टाका मग."

"खून तासली म्हनून झाड उलटायचं र्‍हातं काय? घरधनी येऊन आपल्या हातानं खिळा मारील तर गोष्ट वेगळी. मग दोष त्याचा, तो ज्याचा त्यानं घ्यायचा. तशी रीतच हाय. मी बाजूला उभा र्‍हाऊन फळी धरीन."

घरधनी मुंबईत पाठीवर पडलेले. त्या फटीवर आईनं गोणपाट टांगलं आणि त्याच दुपारी वळवाची एक सर आली. पश्चिमेचाच वारा. बघता बघता गोणपाट भिजलं, त्यातून पाणी ठिबकून नव्या तक्तपोशीवर पसरलं आणि बाबांचं अंथरूण टाकायचं ठरलं होतं ती जागा ओली झाली. एवढा सगळा खटाटोप त्या फटीतून वाहून चालला होता. आई ते ओलं बघत उभी राहिली आणि तेवढ्यात फाट्याकडून निरोप आला, उद्याच्या गाडीनं दादाला आणतायत.

आई धोंडूदादाकडं वळली. आवाज चढलेला नव्हता, उलट जरा खालीच आला होता. "धोंडूदादा, एक सांगा. दर वर्साला ह्या घराची शाकारनी कोन करतं?"

"तुमी."

"घरपट्टी भरायला पोलादपुरात कोन जातं?"

"तुमीच जाता वैनी, पन..."

"रातीला वारा सुटला की उठून कौलं कोन बघतं?"

धोंडूदादानं हातातल्या हातोडीकडं बघितलं.

"मग हातोडी हिकडं द्या."

त्यानं हातोडी दिली. आईनं हात धुतले. फळीला हळदकुंकू लावलं. मग खोलीला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, "जो काय दोष असंल तो माझ्या अंगावर येऊ दे. त्यांच्या नको." मला रडू फुटलं. ती मात्र खिळा धरून बसली होती. धोंडूदादानं शब्द दिल्याप्रमाणं फळी धरली. पहिला घाव तिच्या अंगठ्यावर बसला. "आये!" मी ओरडले. तिनं अंगठा तोंडात घातला, काढला आणि दुसरा घाव बरोबर खिळ्यावर घातला. फट बुजली. संध्याकाळी पुन्हा सर आली तेव्हा आम्ही तिघी-चौघी बायका त्या भिंतीला हात लावून उभ्या होतो. भिंत कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी बाबांना फाट्यावरून डोलीतून वर आणलं. ते इतके वाळले होते की बाळू त्यांना ओळखेना आणि माझ्यामागं लपला. त्यांना तक्तपोशीवर निजवलं. ते भिंती बघायला लागले आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर रंग आला. "ही काचसामानाची," ते बोट दाखवून म्हणाले. "ही औषधांची. ही तर यंत्राची गो, सहा जनांनी उचललेली. ही सगळी माझ्या पाठीवरून गेलेली हायत." मग आईकडं बघून म्हणाले, "मी फळ्या धाडत व्हतो. तू घर केलंस." माझ्या बापाच्या तोंडून आईचं एवढं कौतुक मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आई दाराशी उभी राहून पदराचं टोक पिळत होती.

तेवढ्यात त्यांची नजर खांबालगतच्या फळीवर गेली. "हा एकच बान खाली कसा?" आईनं धोंडूदादाकडं पाहिलं. धोंडूदादा समाचाराला आला होता, त्यानं मान खाली घातली. शेवटी मीच सगळं सांगून टाकलं. शेंड्याची खूण, परमुलखातला शहाणा सुतार, फट, हळदकुंकू, अंगठा. बाबा ऐकत होते आणि त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते आणि हसताना पाठ दुखते म्हणून विव्हळतही होते. "अरे धोंड्या, हा बान हमालासाठी असतो! खोकं उलटं ठेवू नको म्हनून. झाडाशी त्याचा काय संबंध?"

धोंडूदादानं खोलीभर मान फिरवली. तोंडावरचा रंग उतरला. "मग दादा... ह्या बाकीच्या फळ्या?"

"त्यातल्या अर्ध्या उलट्या असतील."

धोंडूदादा मटकन खाली बसला. मग दारातून आईचा आवाज आला. "असू द्या. सगळ्यांचा दोष मी काल घेऊन ठेवलाय."

आता हसायला धरबंध राहिला नाही. धोंडूदादा तर डोळे पुसत हसत होता. हसणं थांबल्यावर बाबा आईला म्हणाले, "माझी उशी त्या फळीकडं कर." सगळा पावसाळा ते तिच्याकडंच डोकं करून निजले. बाहेर पाऊस कोसळायचा आणि आत लाकडाला करंजेलाचा वास यायचा. गणपतीला ते काठी टेकत आरतीला उभे राहिले. गोदीत ते पुन्हा गेले नाहीत. त्याच खोलीत त्यांनी पुढं म्हातारपण काढलं, आणि पाठ दुखली की कारण उलट्या फळ्या आहेत असं सांगून आईला चिडवायची सोयही त्यांना झाली.

आता आई नाही, बाबाही नाहीत. बाळूनं वाडीचं घर स्लॅबचं केलं तेव्हा फळ्या उतरवून वरच्या खोपीत रचून ठेवल्या. महाडला पूर आला त्या साली माझ्या तळमजल्यावरचं प्लायवूडचं सगळं सामान पापडासारखं फुगलं आणि फेकून द्यावं लागलं. नवं काय करावं हा प्रश्न पडला होता, तो भाच्याच्या त्या फोटोनं सोडवला. मी टेम्पो लावून वाडीवरून आईच्या फळ्या आणवल्या. अक्षरं अजून वाचता येतात. छत्री आहे, पेलाही आहे. पुढच्या खोलीची एक आख्खी भिंत त्यांची करायची ठरवलं. काम करायला आलेला सुतार तरुण, हुशार, हातात ड्रिल मशीन. त्यानं एकेक फळी झपाझप लावली. शेवटी ती एका बाजूनं फाटलेली फळी राहिली.

"मॅडम, ही फिरवून लावतो. बाण खाली जातोय, बरा दिसणार नाही."

"तो खालीच राहू दे."

तो जरा घुटमळला. जिन्याकडं बघून म्हणाला, "सर आहेत ना घरात? एकदा विचारून घेऊ का त्यांना?" सर, म्हणजे माझे यजमान, वरच्या मजल्यावर पेपर वाचत होते आणि या घरात ते गेली कित्येक वर्षं तेवढंच करत आले आहेत.

"ड्रिल बाजूला ठेव," मी म्हटलं, "आणि ती हातोडी इकडं दे." हात धुऊन आले, फळीला हळदकुंकू लावलं. त्या पोरानं निमूटपणे फळी धरली. पहिला घाव माझ्याही अंगठ्यावरच बसला.